शेवटचा आकडा सांग

आमच्या नात्यागोत्यात विमानाचं तिकीट काढायचं काम माझ्याकडे आहे. मी पुण्यात राहतो, कार्डावर पैसे भरतो आणि इंग्रजी बारीक अक्षरं वाचतो, एवढीच माझी पात्रता. गोसीखुर्द धरणाच्या आजूबाजूला वसवलेल्या पुनर्वसनाच्या गावांतून, पवनीहून, कधी भिवापूरकडून फोन येतो, "भाऊ, नागपूर-पुणे विमान कितीले पडते?" या प्रश्नाचं उत्तर मला आजवर एका वाक्यात देता आलेलं नाही. बसचं सांगता येतं, रेल्वेचं सांगता येतं. विमानाचं म्हटलं की मी विचारतो, बॅगा किती, वजन किती, सोबत कोण, जागा शेजारीच हवी का. पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, "अरे, मी भाडं विचारून रायलो."

आमच्याकडची माणसं विमानाकडे हौसेनं वळली असं कुणाला वाटू नये. गोसीखुर्दहून नागपूर शंभरेक किलोमीटर. तिथून पुण्याला रेल्वेनं रात्र जाते आणि पुढच्या दिवसाचा मोठा भागही जातो. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्या भंडारा रोडवरून निघते, पण ती विदर्भ, खानदेश, नगर असं सगळं राज्य दाखवत नेते. दिवाळीत आरक्षण मिळत नाही आणि मग ट्रॅव्हल्सवाले हवा तो भाव सांगतात. खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये, असा शासन निर्णय २०१८च्या एप्रिलमध्ये निघालेला आहे. तो दिवाळीच्या आठवड्यात कुठं जातो ते कळत नाही. अशा वेळी मोबाइलवर विमानाचं भाडं ट्रॅव्हल्सच्या जवळपास दिसतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड तासाचा प्रवास म्हणजे देवच पावल्यासारखं वाटतं. म्हणून फोन येतो.

२०२४च्या दिवाळीनंतर माझ्या बहिणीच्या बाळाचं बारसं पुण्यात होतं. आई-बाबांनी पहिल्यांदा विमानानं यायचं ठरवलं. बाबा सत्तरी ओलांडलेले, आई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. मी भाडं पाहिलं तेव्हा एका माणसाचे ३,६४९ दिसत होते. बाबांना फोनवर सांगितलं, दोघांचे सात हजार तीनशे. ते म्हणाले, "काढ."

मग पडदे सुरू झाले. पहिल्या पडद्यावर प्रवास विमा. दुसऱ्यावर जेवण. तिसऱ्यावर लवकर चेक-इन, लवकर बॅग आणि बॅगेला उशीर झाल्यास भरपाई. चौथ्यावर विमानाचा नकाशा. त्यात जांभळ्या, निळ्या, हिरव्या खुर्च्या, प्रत्येकीवर किंमत. मधली खुर्ची दोनशेच्या आसपास, खिडकी त्याहून महाग, पाय पसरायची ओळ हजाराच्या पुढं. सगळ्यात खाली, राखाडी रंगात, अगदी लहान अक्षरांत 'वगळा'. शेवटी पैसे भरताना माणशी सोयीचं शुल्क, म्हणजे मी माझ्या घरी, माझ्या फोनवर, माझ्या हातानं त्यांचं काम केलं याबद्दल मीच द्यायचे पैसे. मी बाबांना फोन लावून विचारलं, शेजारी जागा घ्यायच्या तर दोघांचे मिळून पाचशे जास्त पडतील, घेऊ का?

बाबा म्हणाले, "बसाचे पैसे अलग? मंग तिकीट कायचं काढलं, उभ्यानं जायचं?"

मी त्यांना समजावलं, की जागा मिळेल, फक्त कुठली ते ते लोक ठरवतील. बाबांनी नाही म्हटलं. पाचशे रुपये त्यांच्याकडे नव्हते असं नाही. एकदा भाव ठरल्यावर पुन्हा हात पुढं केलेला त्यांना चालत नाही, आणि त्याला कारण आहे. ते पुढं सांगतो.

जागा धरणं ही आमच्या लोकांना नवी गोष्ट नाही. पवनीच्या बस स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत टाकून जागा धरायची, प्रसंगी लेकराला खिडकीतून आत सोडायचं, हे आम्ही सगळ्यांनी केलेलं आहे. त्यात धक्काबुक्की होती, पण पैसे नव्हते. भारतातलं स्वस्त विमानही असंच सुरू झालं होतं. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३च्या ऑगस्टमध्ये बंगळुरू-हुबळी मार्गावर उडाली. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' तिनं आपलं चिन्ह म्हणून घेतला होता. सुरुवातीला तिच्या विमानांत जागा ठरलेल्या नसत, आधी चढेल तो खिडकीत. पाणी आणि खाणं मात्र विकत. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीनं १९७१पासून पन्नासहून अधिक वर्षं असंच चालवलं, वर दोन बॅगाही फुकट नेऊ दिल्या. २०२५मध्ये तिनं बहुतेकांच्या फुकट बॅगा बंद केल्या आणि २०२६च्या जानेवारीपासून ठरलेल्या जागा आणल्या. सगळ्यांच्या हिशेबनिसांना एकच गोष्ट कळलेली आहे: खुर्चीपेक्षा खुर्चीबद्दलची काळजी जास्त भावानं विकली जाते.

यामागचं गणित अगदीच लबाडीचं आहे असं मी म्हणणार नाही. लोक भाडं शोधतात तेव्हा सगळ्या कंपन्या एकाखाली एक, स्वस्त ते वर, अशा लागतात. जिचा आकडा शंभर रुपयांनी जास्त, ती खाली ढकलली जाते. म्हणून जे जे भाड्यातून काढून बाजूला ठेवता येईल ते काढायचं, वरचा आकडा लहान करायचा आणि काढलेलं पुढच्या पडद्यांवर विकायचं. एकानं केलं की दुसऱ्याला करावंच लागतं. आणि जो माणूस एक दप्तर घेऊन सकाळी जातो आणि रात्री परत येतो, त्यानं दुसऱ्याच्या तांदळाचं भाडं का भरावं, हाही प्रश्न खोटा नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, या सुट्या विक्रीला परवानगी देतं. २०२१च्या फेब्रुवारीत त्यांनी बॅगेशिवायचं स्वस्त तिकीट विकायलाही मुभा दिली. अट एवढीच, की अशी प्रत्येक जास्तीची सेवा प्रवाशानं स्वतःहून निवडलेली असावी. आधीच खूण करून ठेवायची आणि प्रवाशानं ती शोधून काढायची, हे चालणार नाही.

कागदावर हे रास्त आहे. पण 'स्वतःहून निवडणं' म्हणजे काय? २०१८च्या नोव्हेंबरमध्ये इंडिगोनं वेब चेक-इन करताना सगळ्याच जागांना पैसे लावायचं जाहीर केलं, तेव्हा बराच गदारोळ झाला. मंत्रालयानं तपासून पाहतो म्हटलं आणि कंपनीनं विमानतळावर चेक-इन केलं तर जागा फुकट मिळेल असा खुलासा केला. पुढं कोविड आला. २५ मे २०२०ला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा संसर्ग नको म्हणून वेब चेक-इन सक्तीचं झालं. ती अडचण होती तोवर ठीक. मग काही महिन्यांत कंपन्यांनी काउंटरवर बोर्डिंग पास घेणाऱ्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे घरून केलं तर जागेचे पैसे, तिथं जाऊन केलं तर माणसाशी बोलण्याचे पैसे. शेवटी जुलै २०२२मध्ये मंत्रालयानं सांगितलं, की काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी असं वेगळं शुल्क घेणं १९३७च्या विमान नियमांत बसत नाही, घेऊ नका.

ही एक ओळ बाबांच्या कामाची होती. त्यांना मोबाइलवरचा चौकोनी ठिपक्यांचा पास मान्य नव्हता. त्यांना कागद हवा होता. आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हापासून बाबांकडे एक निळी फाइल आहे. तीत सात-बारा, नोटिशा, निवाड्याची प्रत, प्लॉटचं पत्र आणि भरलेल्या प्रत्येक अर्जाची पोच आहे. ज्याच्याकडे कागद होता त्याला काही मिळालं आणि ज्याचा गहाळ झाला तो चकरा मारत राहिला, हे त्यांनी वीस-पंचवीस वर्षं पाहिलं. अशा माणसाला 'पेपरलेस' ही सोय आहे हे पटवणं कठीण. मी सांगितलं, काउंटरवर जा, कागद मागा, पैसे मागितले तर देऊ नका, नियम आहे. नियम आपल्या बाजूचा आहे हे ऐकून बाबा जरा चकितच झाले.

आता ते कारण. गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी रुपये सांगितली होती. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींनी पायाभरणी केली. वैनगंगेवर अकरा किलोमीटरहून लांब धरण, ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टर ओलीत. पुढं सुधारित अंदाजपत्रकं येत गेली. किंमत काही हजार कोटी झाली, २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि २०१६च्या सुधारणेत आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. एवढं होऊनही कालव्यांची कामं पुरी झाली नव्हती. पहिला आकडा लहान होता म्हणून काम सुरू झालं. एकदा नदी अडवायला घेतल्यावर मागं फिरायचं कसं, म्हणून पुढचे आकडे मान्य होत गेले. विमानाच्या तिकिटात चौथ्या पडद्यावर आलेला माणूस तिकीट सोडून देत नाही, तसंच हे.

आमच्या बाजूला याच्या उलट. आम्हाला दिलेला आकडा पहिला तोच शेवटचा, असं सांगितलं गेलं. जमिनीचा भाव ठरला. मग विहिरीचं काय, झाडांचं काय, धाकट्या भावाचं वेगळं घर धरलं का नाही, नोकरीचं आश्वासन होतं त्याचं काय, असे एकेक प्रश्न निघत गेले आणि प्रत्येकासाठी वेगळा अर्ज, वेगळं आंदोलन. पाणी भरत गेलं. नोकरीऐवजी रोख रक्कम देणारं सुमारे बाराशे कोटींचं विशेष पॅकेज यायला २०१३ साल उजाडलं, पायाभरणीनंतर पंचवीस वर्षं. त्यामुळं 'यात काय काय धरलंय आणि काय नाही' हा प्रश्न आमच्या गावातला अडाणी माणूसही विचारतो. तो त्याला शाळेत कुणी शिकवला नाही.

विमानतळावर मी नव्हतो. पण फोन चालू होता आणि नंतर दोघांनी आपापल्या परीनं सगळं सांगितलं. बाबांनी बॅगा गावातल्या चक्कीवरच्या काट्यावर मोजल्या होत्या. एकीत चिन्नोर तांदूळ, बरोबर पंधरा किलो. भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्याकडे लेकीच्या घरी जाताना तो त्याआधीपासून जातो. रात्री आईनं त्यात लाखोळीची डाळ, सांडगे आणि बाळंतिणीसाठी डिंक घातला. नागपूरला काटा साडेअठरा दाखवू लागला. रांगेत उभ्या असलेल्या एका कर्मचाऱ्यानं सांगितलं, साडेतीन किलो जास्त आहे, किलोमागे पाचशेच्या वर पडतील. बाबांनी मनात गुणाकार केला. जे नेण्याचे इतके पैसे मागत होते, ते तांदूळ-डाळ सगळं मिळून त्याच्या पाव भावातही आलं असतं.

बाबा भांडले नाहीत. आयुष्यभर त्यांचं धान दुसऱ्याच्या काट्यावर मोजलं गेलं. चाळीस किलोचा कट्टा, त्यावर बारदान्याचे म्हणून काही शे ग्रॅम जास्त, ओल आहे म्हणून आणखी थोडं. ज्याचा काटा त्याचा भाव, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिथंच फरशीवर बसून बॅग उघडली. आई सांगते, की लोक बघत होते आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा सांगतात, की त्यांना काहीच वाटलं नाही, बाजारात पोतं उघडून दाखवावंच लागतं.

काउंटरवरच्या मुलीनं मात्र त्यांना हाक मारली. बोलण्यावरून इकडचीच. म्हणाली, "काका, दुसरी बॅग केवढी आहे? ठेवा बरं इथं." दुसरी नऊ किलो भरली. दोघांचं तिकीट एकच होतं, म्हणून तिनं दोन्ही वजनं एकत्र धरली. साडेसत्तावीस, तीसच्या आत. एक पैसाही लागला नाही. कागदी बोर्डिंग पासही तिनं न मागता दिले. म्हणजे रांगेतल्या माणसाकडे एक नियम होता आणि काउंटरवरच्या मुलीकडे दुसरा, आणि बाबांनी आधीच्याला पैसे काढून दिले असते तर दुसरा नियम आहे हे त्यांना कधी कळलंही नसतं. हातातल्या पिशवीतलं सुकं खोबरं तेवढं पुढं तपासणीत काढून घेतलं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. हे कारण खरं आहे. आईला ते पटायला बारसं उलटून गेलं.

जागा दोघांना लांब लांब मिळाल्या. बाबा नवव्या ओळीत, आई तेविसाव्या, दोघंही मधल्या खुर्चीत. विमान पूर्ण भरलेलं नव्हतं, असं बाबा शपथेवर सांगतात. २०२४च्या एप्रिलमध्ये डीजीसीएनं कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-बापांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्या. म्हणजे लेकराला एकटं बसवून त्याच्या आईकडून जागेचे पैसे काढता येतात, हे कुठंतरी घडत असणार, त्याशिवाय असं बजावावं लागलं नसतं. मी आईला म्हटलं, म्हाताऱ्या माणसांसाठीही असा नियम हवा. ती चिडली. "मी काय लेकरू आहो?" मग थोड्या वेळानं म्हणाली, पट्टा कसा लावायचा ते शेजारच्या पोरानं दाखवलं, पण विमान वर चढताना कानात दडे बसले तेव्हा कुणाला विचारावं कळेना. हवाई सुंदरी इंग्रजी आणि हिंदीत काय बोलली ते बाबांना समजलं असतं आणि त्यांनी तिला सांगितलं असतं. बाबा चौदा ओळी पुढं होते.

मला यातलं एवढंच टोचतं. पाचशे रुपये न देण्याचा बाबांचा निर्णय होता आणि तो त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होता. पण ती भीती विकत घेण्याजोगी आहे हे कंपनीला आधीच माहीत होतं आणि त्या खुर्चीवरची किंमत त्या भीतीचीच होती. जो महिन्यात चारदा उडतो, तो यातलं काहीच भरत नाही. त्याच्याकडे सात किलोची बॅग असते, तो ४८ तास आधी चेक-इन करतो, 'वगळा' कुठं असतं ते त्याला डोळे मिटून सापडतं. भरतो तो पहिल्यांदा जाणारा, तांदूळ नेणारा, म्हाताऱ्या बायकोला एकटं सोडायला घाबरणारा. स्वस्त तिकिटाचा तोटा बऱ्याच अंशी हीच माणसं भरून काढतात. २०१७च्या एप्रिलमध्ये 'उडान' योजनेतलं पहिलं विमान उडालं तेव्हा हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे, असं पंतप्रधान म्हणाले होते. आमच्या शेजारी गोंदियाच्या बिरसीहूनही २०२२पासून अधूनमधून प्रवासी विमानं सुटली. चप्पलवाला आला आहे. नियम मात्र अजून बूटवाल्याच्या भाषेत आहेत.

एसटीची बाजू घ्यायला मी काही कंडक्टरचा मुलगा नाही. पण पंचाहत्तरच्या वरच्यांना मोफत आणि बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं, तेव्हा ते गावातल्या प्रत्येक म्हातारीला आठवड्याभरात कळलं. कुणाला 'अटी लागू' वाचावं लागलं नाही. कारण भाडं सांगणारा माणूस समोर उभा होता आणि तो मराठीत बोलत होता. विमानाच्या बाबतीत मागणं तेवढंच आहे. वेगवेगळ्या गोष्टींचे वेगवेगळे पैसे घ्या, पण माझी माणसं किती, बॅगा किती, शेजारी बसायचं का, हे पहिल्या पडद्यावर विचारा आणि मग एकच आकडा दाखवा. नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या विमानाचं तिकीट मराठीत वाचता यावं, हेही फार मोठं मागणं नव्हे.

तोवर मी एक कागद केलाय. तिकीट काढलं की तो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि पवनीच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यायला सांगतो. त्यावर लिहिलंय: विमा, जेवण, लवकर बॅग यांतलं काही घेतलेलं नाही, कुणी म्हटलं घेतलंय तर मला फोन करा. मोठी बॅग माणशी पंधरा किलो, हातातली सात. एका तिकिटावर दोघं असाल तर दोन्ही बॅगा एकत्र काट्यावर ठेवायला सांगा. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. सुकं खोबरं न्यायचं नाही. काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतं, म्हणून उमरेडच्या जेवणाचा विचार सोडा. बोर्डिंग पासचा कागद मागा, त्याचे पैसे नसतात. शेजारी जागा नसेल तर आधी काउंटरवर विचारा, नाही जमलं तर आत गेल्यावर शेजारच्याला विचारा, बहुतेक लोक उठतात.

मागच्या महिन्यात मोठ्या आईसाठी तिकीट काढत होतो. बाबांची ही थोरली भावजय, जुन्या गावात तिचं घर आमच्या घराला लागून होतं. मी तिला सगळं वाचून दाखवलं: भाडं, कर, सुरक्षेचं शुल्क, विमानतळाचं शुल्क, जागा, सोयीचे पैसे. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बापू, तू शेवटचा आकडा सांग. याच्यानंतर काही निघन नाही ना?"

मी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बेरीज केली आणि मग तिला सांगितला.